चिली १९७३ : सगळं खापर सीआयएवर?

चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने बंड करून अध्यक्ष आयेंदे यांचं सरकार उलथवलं. तो निव्वळ सीआयएचा, म्हणजे अमेरिकी गुप्तचर संस्थेचा खेळ होता, असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटतं. अमेरिकी अध्यक्ष निक्सनचा पैसा आणि कारस्थानं होतीच, वादच नाही. पण ट्रकवाल्यांचा संप, आभाळाला भिडलेली महागाई, संसदेतलं विरोधी बहुमत हे सगळं घरचंच होतं.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. ज्याने बंड करून सत्ता घेतली त्या पिनोशेला लष्करप्रमुख केलं खुद्द आयेंदेंनी, २३ ऑगस्टला. म्हणजे बंडाला तीन आठवडेही नव्हते! नाव सुचवलं होतं मावळते प्रमुख प्राट्स यांनी, माणूस निष्ठावंत म्हणून.

बंडाच्या सकाळी एकेक रेडिओ केंद्र बंद पाडलं गेलं. मागायानेस तेवढं चालू राहिलं, आयेंदे त्यावरून शेवटचं बोलले आणि थोड्याच वेळात ला मोनेदा या अध्यक्षांच्या राजवाड्यावर हंटर विमानांनी रॉकेटं डागली. (१९७१ च्या युद्धात लोंगेवालात आपण वापरली ती याच जातीची विमानं.) आयेंदे त्याच दिवशी राजवाड्यात मरण पावले. प्राट्स देश सोडून अर्जेंटिनात गेले; १९७४ मध्ये ब्युनोस आयरेसला पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मारलं.