शेफर्ड कॅन्यनमधील तोडलेली झुडपे

कोपऱ्यावरच्या वहिनी: काल संध्याकाळी शेफर्ड कॅन्यनच्या पायवाटेने फिरत असताना आपल्या रांगेतील घरांच्या कुंपणाखालचा साधारण वीस फूट रुंदीचा उतार पार बोडका झालेला दिसला. सेजब्रशची झुडपे मुळासकट उपटून घळीत ढकलून दिली आहेत आणि त्यांचा तो उग्र वास अजूनही तिथे दरवळतो आहे. हे महापालिकेच्या माणसांनी केले की कोणी खासगीत करवून घेतले, आणि सॅन डिएगोतील आपल्या टिएरासांता भागाच्या कम्युनिटी कौन्सिलला याची कल्पना होती का, हे कोणी सांगू शकेल का?

दादा: वहिनी, कौन्सिलला कल्पना असली काय आणि नसली काय, दोन्ही सारखेच. त्यांच्याकडे ना स्वतःची माणसे, ना दंड करण्याचा अधिकार. फोटो इथे टाका, आपण चार जण हळहळू आणि विषय संपेल.

उतारावरच्या ताई: दादा, अधिकार नाही हे खरे; पण त्यावरून उपयोग नाही असे ठरत नाही. जमीन महापालिकेची आहे, तिची राखण उद्यान खात्याच्या मोकळ्या जागांच्या शाखेकडे आहे आणि कौन्सिल केवळ सल्ला देते. मात्र परिसरातील मोकळ्या जागांच्या निगेसाठी आपण मालमत्ता कराच्या बिलाबरोबर जी वेगळी आकारणी भरतो, तिचा हिशेब विचारायला आणि घळीत कोण काय करते आहे हे चारचौघांत मांडायला आपल्याजवळ तीच एक जागा आहे. अट एवढीच की विषय कार्यक्रमपत्रिकेवर असला पाहिजे, आणि त्यासाठी मी कौन्सिलला पत्र लिहिते आहे. सार्वजनिक बैठका खुल्या ठेवण्याविषयीच्या कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित बैठकीची पत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर सभासदांना ठराव करता येत नाही. त्यामुळे आयत्या वेळी उठून बोललो, तर ते ऐकून घेतात, पण त्यापुढे काही करू शकत नाहीत. आपल्यापैकी बरेच जण एकदा तसे बोलून, काहीच झाले नाही म्हणून रागावून परतले आहेत. मी त्यांतलीच एक!

दुसरे असे की मोठ्या अतिक्रमणाला आडकाठी आहे. उद्यान म्हणून रीतसर राखलेल्या जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर शहराच्या सनदेच्या कलम ५५ नुसार मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती लागते. वीस फूट उतार कुरतडायला मात्र एक माळी आणि एक दुपार पुरते, आणि कौन्सिलने डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते नेमके हेच.

घळीकाठचे काका: मंडळी, ती झुडपे माझ्या सांगण्यावरून काढली आहेत. लपवण्यासारखे काही नाही. २००३ च्या ऑक्टोबरात सीडर नावाचा मोठा वणवा पेटला, तेव्हा मी इथेच होतो. पलीकडे स्क्रिप्स रँचमध्ये तीनशेहून अधिक घरे जळाली आणि आमच्या अंगणात दोन दिवस राख पडत होती. घरापासून १०० फूट झुडपे विरळ ठेवा असे शहराचाच नियम सांगतो, मग मी त्यात वावगे काय केले?

उतारावरच्या ताई: काका, तुमची भीती अनाठायी आहे असे कोणीच म्हणणार नाही. मात्र नियम नीट पाहिला, तर त्या १०० फुटांचे दोन पट्टे आहेत. घरालगतचे ३५ फूट जवळजवळ मोकळे ठेवायचे आणि पुढच्या ६५ फुटांत झुडपे विरळ करायची; विरळ करायची म्हणजे मुळे जागेवर राखून काही छाटायची, उपटायची नाहीत. ती मुळेच उतार धरून ठेवतात. शिवाय कुंपणापलीकडची जमीन आपली नाही, त्यामुळे तिथली छाटणी शहरानेच किंवा शहराच्या परवानगीने करायची असते. आणि आज मार्चचा दुसरा आठवडा आहे. १ मार्च ते १५ ऑगस्ट या काळात सेजब्रशच्या पट्ट्यात छाटणी बंद असते, कारण नॅटकॅचर घरटी करतो. हा जेमतेम सहा ग्रॅमचा राखाडी पक्षी आहे. मांजराचे पिल्लू झुडपात अडकले असावे असा त्याचा आवाज येतो. १९९३ पासून तो केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे.

कोपऱ्यावरच्या वहिनी: तो आवाज मी कितीदा तरी ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी मांजरच शोधले आहे.

दादा: आणखी एक गोष्ट. माझा धाकटा काल त्याच मोकळ्या झालेल्या जागेत खेळत होता. ही सगळी जमीन एकेकाळी कॅम्प एलियट या लष्करी तळाच्या सरावक्षेत्रात होती, आणि १९८३ मध्ये इथल्याच एका घळीत सापडलेला जुना तोफगोळा फुटून दोन लहान मुले गेली, हे आपल्यातल्या नव्या मंडळींना बहुधा माहीत नसेल. त्यानंतर लष्कराने शोधमोहिमा केल्या, तरी माती उघडी पडली आणि पाऊस झाला की खालचे वर येऊ शकते. मुलांना सांगून ठेवा, गंजलेले काहीही दिसले तर हात लावायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचे आणि ९११ ला फोन करायचा. ताई, कौन्सिलचा उपयोग काय हे माझे वाक्य मी मागे घेतो. पत्रात हा मुद्दाही घाला.

उतारावरच्या ताई: घालते. पत्रात तीन मागण्या आहेत: शहराच्या जीवशास्त्रज्ञाने उतार पाहावा, तिथे मूळचीच झुडपे पुन्हा लावावीत आणि घळीकाठच्या सर्व घरांना ३५ व ६५ फुटांची रेषा प्रत्यक्ष खुणा करून दाखवावी. तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांना आपले कुंपण नेमके कुठे संपते हेच माहीत नाही. काका, तुमचे नाव घालायचे की नाही, हे तुम्ही सांगा. नुसते ‘एका रहिवाशाने’ असे लिहिले तरी चालेल.

घळीकाठचे काका: मसुदा वाचला. ‘एका रहिवाशाच्या माळ्याने’ हे शब्द खोडून तिथे ‘मी’ असे केले आहे आणि खाली सही केली आहे. रोपांचा खर्चही माझ्याकडे. बैठकीला गाडी मी काढतो. वहिनी, तुम्हाला साडेसहाला घ्यायला येऊ का?