बिरारुंग: पाट मांडला, पण ताट वाढलं का?

यारातीरी: मेलबर्नमधून वाहणाऱ्या यारा नदीला तिथले मूळ रहिवासी, वुरुंजेरी लोक, बिरारुंग म्हणतात. 'यारा' ही १८३५ची ऐकण्यातली चूक. धबधब्याच्या पाण्यासाठीचा शब्द एका गोऱ्या सर्वेक्षकाने नदीचं नाव समजून टिपून घेतला. पुढे तो धबधबाही सुरुंग लावून उडवला!

२०१७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने या नदीसाठी कायदा केला. त्याचं नाव वुरुंजेरींच्या भाषेतही आहे, अर्थ 'बिरारुंगला जिवंत ठेवा'. नदी आणि काठची जमीन मिळून एकच जिवंत अस्तित्व, असं कायदा म्हणतो. या कायद्याने नेमलेल्या बिरारुंग परिषदेत वुरुंजेरींच्या किमान दोन जागा राखीव आहेत. पण परिषद फक्त सल्ला देते आणि या कायद्याने वुरुंजेरींना पाण्याचा वाटा दिलेला नाही. लग्नात मान मिळाला, जेवायला कुणी बसवलं नाही. माझ्या मते हा निव्वळ देखावा आहे.

पाणकोंबडा: असहमत. याच कायद्याखालची २०२२ची नदी-योजना आधी रहिवाशांना पन्नास वर्षांनंतरची नदी कशी हवी ते विचारून मग बनली. एरवी हे काम पाच-सहा खाती आपापल्या फायलीत करतात. इथे सगळ्यांना एका योजनेला बांधून घेतलंय, हे थोडं नाही.

उगाच एक: दोघंही भावनेच्या पुरात वाहताय. पन्नास लाखांच्या शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी याच खोऱ्यातून येतं. धरणातून कधी किती सोडायचं ते जलशास्त्रज्ञ ठरवणार की वुरुंजेरींच्या कहाण्या?

पाणकोंबडा: 'कहाण्या' म्हणजे काय ते बघा. वुरुंजेरींच्या वर्षात सात ऋतू आहेत, त्यातला एक ईल माशांचा, मार्चच्या सुमाराचा. मोठे झालेले ईल तेव्हा खाली समुद्राकडे निघतात, अंडी घालायला थेट कोरल समुद्रापर्यंत. नदीत त्या वेळी पाणी वाढलं तर त्यांची वाट मोकळी होते. किती पाणी हे यंत्र सांगेल. कधी, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ईल पकडले त्यांना विचारायला लाज कसली?

उगाच एक: हे पटलं. पण मग त्याला निरीक्षण म्हणा. उगाच गूढ कशाला करायचं?

यारातीरी: अहो, गूढ तर तुम्हीच केलंत, 'कहाण्या' म्हणून! असो. मी बोलिन बोलिनला जाऊन आलेय. नदीकाठचं जुनं डोह-पाणथळ, जिथे ईलच्या दिवसांत वुरुंजेरी कुळं जमायची. वर धरणं झाली आणि पुराचं पाणी तिथवर क्वचितच पोचू लागलं. आता पंपाने सोडावं लागतं. म्हणजे जागा त्यांची, आठवण त्यांची, पण पंपाचं बटण दुसऱ्याच्या हातात.

पाणकोंबडा: पण सोडलं जातंय ना? आधी तेही नव्हतं.

यारातीरी: त्याच राज्यात २०२० मध्ये गुनाईकुरनाई या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांना मिचेल नदीतलं २०० कोटी लिटर पाणी त्यांच्या नावावर मिळालं. तिथे जमतं, मग बिरारुंगवर का नाही?

उगाच एक: कारण तिकडे मेलबर्न नाही, बाई.