दक्षिण आशियाला उड्डाण सुरक्षेची सामाईक यंत्रणा हवी की नको?

नभोमार्ग:

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटच्या आसपास गारांच्या ढगासमोर आलं. आत दोनशेहून जास्त माणसं. वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला वळायची परवानगी हवाई दलाच्या उत्तर नियंत्रणाकडे मागितली. मिळाली नाही. मग लाहोरला विचारलं, थोडा वेळ तुमच्या हद्दीतून जाऊ द्या. तिथूनही नकार, कारण एप्रिलअखेर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हद्द बंद केली होती. मागे फिरायचा विचार झाला तोवर ढग पुढ्यात होता. विमान त्यातूनच गेलं. एका टप्प्यावर ते मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली येत होतं. नाकाचा भाग फुटला, तरी वैमानिकांनी ते श्रीनगरला उतरवलं आणि सगळे वाचले. हा क्रम डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमानवाहतूक नियामकाच्या, निवेदनातलाच आहे.

हद्द बंद करायचा हक्क देशाला आहे. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की आपल्यावरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण आणि एकट्याची सत्ता. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे राजकारण बिघडलं की सुरक्षेचं बोलणंही त्याबरोबर थांबतं, आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी असलेलं कुणीच नाही.

'कोस्कॅप – दक्षिण आशिया' नावाचा आयकाओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमानवाहतूक संस्थेचा, कार्यक्रम आहे. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव, सगळे त्यात आहेत. प्रशिक्षण होतं, तांत्रिक सल्ला मिळतो. पण त्याला अधिकार नाही. तो कुणाचा परवाना रोखू शकत नाही, कुणाला अहवाल प्रसिद्ध करायला लावू शकत नाही. पूर्व आफ्रिकेच्या देशांनी २००७ मध्ये स्वतःची सुरक्षा देखरेख संस्था काढली, तिचं कार्यालय युगांडातल्या एंटेबेला आहे. एकेका देशाला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी पुरेसे निरीक्षक ठेवणं परवडत नाही, म्हणून निरीक्षक वाटून घ्यायचे ही त्यामागची साधी कल्पना. भूतान किंवा मालदीवची अडचण याहून वेगळी नाही. चांगला निरीक्षक तयार झाला की विमान कंपनी दुप्पट पगार देऊन त्याला घेऊन जाते.

जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर विमान कोसळलं, ७२ जण गेले. त्याचे ब्लॅक बॉक्स वाचायला सिंगापूरला पाठवावे लागले. दोनशे कोटींच्या जवळपास लोकसंख्येच्या या प्रदेशात ते वाचून देणारी सर्वांच्या विश्वासाची एक प्रयोगशाळा नव्हती. सल्ला पुरे झाला. आता अधिकार असलेली सामाईक यंत्रणा हवी, असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा:

विरोध. आणि तो तुमच्याच पहिल्या उदाहरणावरून.

त्या दिवशी अशी संस्था असती तरी तिने लाहोरला हद्द उघडायला लावलं असतं? कोणत्या बळावर? युरोपची सुरक्षा संस्था २००२ च्या कायद्याने उभी राहिली तेव्हा तिच्यामागे आधीच एक संसद, एक न्यायालय आणि एक अंदाजपत्रक होतं. आपल्याकडे सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. जिथे पंतप्रधान एका टेबलावर बसत नाहीत तिथे निरीक्षकांना एकमेकांच्या हँगरमध्ये कोण जाऊ देणार आहे?

शिवाय नियम मुळात आहेत. शिकागो कराराचं कलम २५ पाहा. आपल्या हद्दीतल्या संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ती मदत करायला प्रत्येक देश बांधील आहे.

आणि घरचं काय? डीजीसीएतली जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याचं संसदीय समितीने २०२५ मध्ये नोंदवलंय. जिथे स्वतःच्या कंपन्या तपासायला माणसं नाहीत तिथून भूतानला कुणाला पाठवणार? आधी ही पदं भरा. अहमदाबादच्या अपघातात १२ जून २०२५ ला २६० जीव गेले. त्याचं उत्तर भारतीय मंत्र्याने भारतीय संसदेत द्यायचं आहे. उद्या जबाबदारी सात देशांत वाटली की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवेल.

रडारकाठी:

नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून कलम २५ बद्दल लिहितो. त्यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत: 'आपल्या हद्दीतल्या' आणि 'संकटात'. ते विमान लाहोरच्या हद्दीत नव्हतं, आणि लाहोरला विचारलं तेव्हा अजून संकटातही नव्हतं. ते संकट टाळू पाहत होतं. ढगापासून बाजूला होण्याची विनंती नेहमी संकटाच्या आधीची असते. 'पॅन पॅन' हा तातडीचा इशारा जाहीर होतो तेव्हा वळायची जागा बहुधा संपलेली असते. म्हणजे कायदा जिथे सुरू होतो तिथवर पोचू नये म्हणूनच वैमानिक धडपडत असतो, आणि त्या धडपडीला हे कलम आधार देत नाही.

दोन क्षेत्रांच्या सीमेवर काम कसं चालतं तेही सांगतो. शेजारच्या नियंत्रण केंद्राबरोबर लेखी करार असतो: विमान कोणत्या बिंदूवर, कोणत्या उंचीवर सोपवायचं, ते ठरल्या वेळी आलं नाही तर किती मिनिटांत विचारायचं. थेट फोन असतो. पलीकडचा माणूस आवाजावरून ओळखू येतो. हे नातं मंत्रालयांच्या नात्यापेक्षा बरंच टिकाऊ आहे.

ते ढिलं पडलं की काय होतं? ८ मार्च २०१४, मलेशियाचं बेपत्ता झालेलं विमान एमएच ३७०. क्वालालंपूरने विमान हो ची मिन्हकडे सोपवलं. ते संपर्कात आलं नाही तर पाच मिनिटांत विचारायचं असं करारात होतं. विचारणा झाली सतरा-अठरा मिनिटांनी. पुढे त्या रात्री नेमकं काय घडलं ते आजही सापडलेलं नाही, पण शोध उशिरा सुरू झाला तो या सीमेवर.

त्यामुळे नभोमार्ग, मोठ्या संस्थेबद्दल मला शंका आहे. पण हवामानासाठी वळण घेण्याचा करार, केंद्र ते केंद्र, हद्दबंदीच्या काळातही लागू राहील असा, एवढं तर मागू या.

कायदेपान:

सहकार्य म्हणजे सुरक्षा असं समीकरण मांडणाऱ्यांनी युबरलिंगेनच्या अपघाताबद्दल जरूर वाचावं.

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीच्या आकाशात रशियन प्रवासी विमान आणि डीएचएलचं मालवाहू विमान एकमेकांवर आदळली. ७१ मृत्यू, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. आकाश जर्मनीचं, नियंत्रण स्विस कंपनीचं. झुरिकच्या कक्षात एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. फोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या नियंत्रकांना टक्कर होणार हे आपल्या पडद्यावर दिसत होतं, ते झुरिकला फोन लावत राहिले आणि तो लागला नाही. विमानातलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा, रशियन वैमानिकांना वर जा सांगत होतं, नियंत्रक खाली या म्हणत होता. ते खाली आले.

पुढे कॉन्स्टान्सच्या न्यायालयाने २००६ मध्ये जर्मन सरकारलाच जबाबदार धरलं. स्विस कंपनीकडे हे काम देण्याला वैध कायदेशीर आधार नव्हता, वर्षानुवर्षांच्या वहिवाटीवर ते चाललं होतं. स्वित्झर्लंड आणि जर्मनी! इतक्या शिस्तीच्या देशांत हे झालं. आपण आधी संस्था काढून मग अधिकार कुणाचे ते ठरवणार असू, तर मी उंबरठा यांच्या बाजूने.

नभोमार्ग:

कायदेपान, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच मागणीचा पुरावा आहे. तिथे सहकार्य लेखी नव्हतं म्हणून जबाबदारी हरवली. मी लेखीच मागतोय.

आणि त्याच अपघाताची एक बाजू राहिली. ३१ जानेवारी २००१ ला जपानवर दोन प्रवासी विमानं अशीच समोरासमोर आली होती. तिथेही टीकॅस एक सांगत होतं आणि नियंत्रक दुसरं. थोडक्यात वाचली. टीकॅसचंच ऐकायचं, हा नियम निःसंदिग्ध झाला तो युबरलिंगेननंतर. मध्ये सतरा महिने होते. एका प्रदेशातला धडा दुसऱ्या प्रदेशातल्या कॉकपिटपर्यंत वेळेत पोचला नाही, याची किंमत त्या मुलांनी मोजली. मला संस्था हवी ती याच कामासाठी.

आपल्याकडचा धडाही तसाच. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी, सौदी आणि कझाक विमानांची टक्कर, ३४९ मृत्यू. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. ३४९ माणसं जाईपर्यंत थांबावं लागलं, हे मला आजही सहन होत नाही.

साधाप्रवासी:

पोखऱ्याच्या विमानात पाच भारतीय होते. तिकीट काढताना त्यांना कुणी सांगितलं होतं का, की डिसेंबर २०१३ पासून नेपाळच्या एकाही कंपनीला युरोपात उडायला परवानगी नाही? युरोपातल्या प्रवाशाला ही यादी कळते. आपल्याला का नाही? संस्था काढा, नका काढू, पण तपासणीचे निष्कर्ष उघड करा. ज्याने त्या विमानात बसायचं त्याला ते वाचायचा हक्क आहे.

उंबरठा:

त्या बंदीला दहा वर्षांहून जास्त झाली. नेपाळमध्ये नियम लावणारी आणि विमानतळ चालवणारी संस्था अजून एकच आहे, जी वेगळी करा असा आग्रह इतकी वर्षं चाललाय. युरोपच्या बाजारपेठेचा धाक जिथे चालला नाही तिथे आपल्या सामाईक संस्थेचा सल्ला चालेल? देश सुधारतो तो स्वतःच्या लोकांच्या रेट्याने. २०१४ मध्ये अमेरिकेने भारताला हवाई सुरक्षेच्या खालच्या श्रेणीत टाकलं आणि २०१५ मध्ये परत वर घेतलं, कारण इथे सरकारने ते मनावर घेतलं आणि माणसं नेमली.

उत्तररात्र:

सगळे भारताच्या खुर्चीतून बोलताय. जरा काठमांडूतून पाहा.

पोखरा आणि भैरहवाला नेपाळने आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधले. पश्चिमेकडून आत येण्यासाठी नवे उंचीवरचे हवाई मार्ग तो भारताकडे कित्येक वर्षं मागतोय. ते मिळालेले नाहीत, दोन्ही विमानतळ जवळपास ओस आहेत. अशा शेजाऱ्याने उद्या 'तुमची विमानं आम्ही तपासतो' म्हटलं तर नेपाळी माणूस त्यात सुरक्षा पाहील की दडपण? २०१८ मध्ये काठमांडूला यूएस-बांगला कंपनीचं विमान पडून ५१ जण गेले, तेव्हा नेपाळच्या अहवालाने वैमानिकाच्या मनःस्थितीवर बोट ठेवलं आणि नियंत्रण कक्षाच्या चुका पुरेशा आल्या नाहीत असं बांगलादेशच्या प्रतिनिधीने म्हटलं. दोघांनाही मान्य होईल असा तिसरा त्यात कुणीच नव्हता.

ब्लॅक बॉक्स सिंगापूरला का गेले याचं उत्तरही इथेच आहे. दिल्लीत आता प्रयोगशाळा झाली आहे, उत्तम आहे. पण ज्या शेजाऱ्याशी रोजचा वाद, त्याच्याकडे कुणी पुरावा पाठवत नाही. पूर्व आफ्रिकेत एक देश बाकी सगळ्यांच्या बेरजेहून मोठा नाही. इथे आहे. म्हणून कार्यालय दिल्लीत नको, इस्लामाबादेतही नको.

तटस्थ जागा असली की आपले लोक कामही करतात. २००७ पासून बँकॉकहून 'बॉबकॅट' चालायचं: आग्नेय आणि दक्षिण आशियातून रात्री अफगाणिस्तानवरून युरोपला जाणाऱ्या विमानांना वेळा आणि उंच्या वाटून देण्याची व्यवस्था. ही विमानं भारत-पाकिस्तान दोघांच्याही हद्दीतून जायची. कुणी सार्वभौमत्व गेलं म्हणून ओरड केली नाही.

रडारकाठी:

बॉबकॅटचं नाव निघालं ते बरं झालं. ते चाललं कारण त्याने कुणाचा अधिकार काढून घेतला नाही, फक्त सगळ्यांना एकच वेळापत्रक दिलं. हवामानाच्या वळणाचंही तसंच करता येईल. सीमेपासून ठरावीक मैलांपर्यंत, फक्त प्रवासी विमानाला, नियंत्रकाने नियंत्रकाला फोनवर सांगून, आणि दोन्हीकडच्या हवाई दलांना त्याच क्षणी कळवून. हवाई दलाला वगळून काही होणार नाही. त्या दिवशी उत्तर नियंत्रणाचेही हात हद्दबंदीच्या नोटामने, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेने, बांधलेले होते, हे दोन्हीकडच्यांनी लक्षात घ्यावं.

उंबरठा:

एवढाच करार असेल तर माझा विरोध नाही. दोन अटी. ओळख पटल्याशिवाय एकही विमान आत येणार नाही, आणि नाही म्हणायचा अंतिम हक्क त्या देशाचाच राहील.

नभोमार्ग:

पहिली अट मान्य. दुसरीवरच सगळं अडतं. २१ मेला लाहोरने तोच हक्क वापरला. नकार द्यायचा असेल तर द्या, पण कारण लेखी नोंदवा, आणि ती नोंद बँकॉकच्या आयकाओ कार्यालयात महिन्याच्या आत जाऊ द्या. तिथे बाकीचे देश ती वाचतील, वैमानिकांच्या संघटना वाचतील. उंबरठा, नकाराची नोंद ठेवायलाही तुमचा विरोध आहे का?

उंबरठा:

नोंद ठेवायला नाही. ती आमच्याकडूनही तितकीच मागितली जाईल हे धरून चाला.

नभोमार्ग:

धरूनच मागतोय.