विमानाच्या तिकिटावरचे सगळे कर काढा म्हणणाऱ्यांनी आधी एसटीचं तिकीट बघा

कुपवाडकर:
काल एकाने पुणे-दिल्ली तिकिटाचा फोटो टाकला, जीएसटी, युडीएफ (विमानतळ वापरायची फी), सिक्युरिटी फी सगळ्यावर लाल गोल करून, आणि खाली लिहिलं की विमान प्रवाशांवरचे सगळे कर रद्द झाले पाहिजेत, ही मध्यमवर्गाची लूट आहे. धडाधड लाईक पडले. मी रात्री अंथरुणावर वाचलं आणि झोपच उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.
माझा भाऊ कवठेमहांकाळवरनं कुपवाड एमआयडीसीत रोज एसटीने येतो. त्याच्या भाड्यावर राज्य सरकार एसटीकडून प्रवासी कर घेतं १७.५ टक्के. साडेसतरा! विमानाच्या इकॉनॉमीला जीएसटी किती, तर ५. भावाच्या तिकिटावर तो कर वेगळा छापलेला नसतो म्हणून त्यावर कुणी लाल गोल काढत नाही एवढाच फरक. वर जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा लूट शब्द कुणाच्या तोंडात आला नाही.
आणि 'सगळे कर' म्हणजे काय ते तरी बघा. युडीएफ विमानतळ चालवणाऱ्याला जातो. मोठ्या रूटच्या विमानांवर उडान योजनेची लेव्ही आहे, तिच्या पैशातूनच छोट्या गावांची विमानं उभी राहिली, ती पण काढायची का? कन्व्हिनियन्स फी तर कंपनीची स्वतःची, सरकारचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्यावर पण लाल गोल.

विटेकर_कोइमतूर:
फोटो माझा होता. नाव घेतलं नाहीस तरी मला कळतंय कुणाला बोलतोयस.
दादा, मी हौस म्हणून उडत नाही. आम्ही गलाईवाले. खानापूर आटपाडीकडच्या घराघरातला माणूस परमुलखात सोनं-चांदी गाळत बसलाय, कुणी कानपूर, कुणी कोइमतूर, कुणी पार गुवाहाटी. गेल्या उन्हाळ्यात रात्री अकराला फोन आला, वडील गेले. रेल्वेने मिरजेला उतरून गावात पोचेपर्यंत दुसरा दिवस संपला असता आणि मला मातीला पोचायचं होतं. एरवी पुण्याचं भाडं साडेचार हजार, त्या रात्री सतरा हजार दाखवत होतं. ५ टक्के म्हणजे किती ते तूच काढ, एरवी सव्वादोनशे, त्या दिवशी साडेआठशे. माझा बाप गेला म्हणून सरकारची कमाई जवळपास चौपट. याला लूट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?
सिक्युरिटी फी २०० आणि तिच्यावर परत १८ टक्के जीएसटी, असे २३६. सुरक्षा देणं हे सरकारचं काम नाही का, मिरज स्टेशनवर पोलीस उभा असतो त्याचे पैसे तिकिटात वेगळे घेतात का? आणि तू म्हणतोस भावाचे साडेसतरा दिसत नाहीत, तर माझे तरी कुठं सगळे दिसतात. विमानाच्या इंधनावर पुण्या-मुंबईत १८ टक्के व्हॅट आहे, २०१७ ला जीएसटी आला तेव्हा इंधन बाहेरच ठेवलं, त्यामुळे कंपनीला हा व्हॅट तिच्या जीएसटीतनं वजा करता येत नाही आणि तो सगळा शेवटी माझ्या भाड्यात येऊन बसतो.

कुपवाडकर:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. हे माहीत असतं तर सुरुवात अशी केली नसती.
पण मुद्दा सोडत नाही. साडेचारचे सतरा हजार कुणी केले? सरकारने? सतरा हजारातले साडेआठशे सरकारचे, मधले साडेबारा हजार कुणाच्या खिशात गेले? तुझा लाल गोल चुकीच्या जागी पडलाय. आणि व्हॅटचं म्हणशील तर २०२३ च्या राज्याच्या बजेटमध्ये मुंबई, पुणे, रायगडात तो २५ चा १८ केला. सात टक्के सोडले सरकारने. भाड्यात सात रुपये तरी उतरलेले दिसले का तुला? दिसले असतील तर मी गप्प बसतो. डिझेल पण जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यावरचा व्हॅट एसटी भरतेच आहे, प्रवासी कर वेगळा.

कोरेगावची_सून:
एसटीत आम्हा बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट, तेही लिहायचं होतं कुपवाडकर दादा. अर्धीच बाजू सांगू नका.
माझी तक्रार वेगळी आहे. मुलगा बेंगळुरूला असतो, दोन तिकिटं काढली होती आणि जायच्या आदल्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. रद्द केली तर कंपनी म्हणाली नॉन रिफंडेबल, काही मिळणार नाही. मी गप्प बसणार होते, भाच्याने सांगितलं की मामी, भाडं जाईल पण युडीएफ, सिक्युरिटी फी आणि सरकारी कर परत द्यावेच लागतात, विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्याचा नियम आहे. अकरा मेल केले, तीन महिन्यांनी पैसे आले. ज्या बाईला मेल करता येत नाही तिचं काय? प्रवासच केला नाही तर तो कर कसला? तुम्ही दोघं टक्क्यांवर भांडताय आणि इकडे कराच्या नावाने घेतलेले पैसे कंपनीकडेच पडून राहतात.

विटेकर_कोइमतूर:
ताई हे मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या वर्षात माझी दोन तिकिटं अशीच गेली.

कवलापूर_झालंच_पाहिजे:
कर वगैरे सगळं ठीक आहे पण मूळ दुखण्याला कुणी हात घालत नाही. सांगलीच्या माणसाला विमान पकडायचं तर आधी हायवेवरच्या पेठ गावापर्यंतचा रस्ता, मग तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोल भरत पुणे. कोल्हापूरला जा म्हणतात, तिथनं विमानं किती आणि कुठं जातात? सांगलीजवळ कवलापूरला विमानतळासाठी आमची हक्काची जागा पडून आहे. तिथं विमानतळ केला असता तर विटेकरांना सतरा हजार मोजून वर पाच-सहा तासांची गाडी करावी लागली नसती.

प्रीतिसंगम:
कवलापूरला जमीन किती आणि लागते किती याचा हिशोब करा जरा. कराडला धावपट्टी आहे, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली, पन्नासच्या दशकापासूनची. तीच वाढवली तर सातारा, सांगली, पाटण, चिपळूण सगळ्यांची सोय होते. प्रत्येक तालुक्याला विमानतळ कुठनं आणायचा?

बागायतदार_कराड:
वाढवा म्हणायला काय जातंय तुमचं? धावपट्टी वाढवायची म्हंजे आमच्या उसाच्या रानातनं जाणार हाय ती. कोयनेच्या पाण्यावरची बागायत हाय, आज्यानं विहीर पाडल्याली हाय तिथं. तुम्हाला दिल्लीला दोन तास लवकर जायचं म्हणून आम्ही रान सोडायचं? विमानात बसल्याला माणूस नाही आमच्या घरात एक.

प्रीतिसंगम:
मोबदला मिळेल की. रस्ते, धरणं सगळी कुणाच्या तरी जमिनीवरच झाली.

बागायतदार_कराड:
कोयनेत गाव गेलेल्यांना जाऊन इचारा मोबदला काय मिळाला आन् कवा मिळाला. अजून कागदं घेऊन हिंडत्यात माणसं. असलं बोलू नका.

कवलापूर_झालंच_पाहिजे:
बरोबर बोलले बागायतदार. म्हणूनच कवलापूर. आणि २०१९ च्या महापुरात काय झालं विसरलात? शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, सांगली-कोल्हापूर रस्ता बंद, कोल्हापूरचा विमानतळ असून आम्हाला नसल्यासारखा. माझी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती, वखार भागातनं आम्ही बोटीतनं बाहेर पडलो. कवलापूर उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही. कराडवाल्यांना दरवेळी सगळं आपल्याकडेच पाहिजे असतं.

प्रीतिसंगम:
पुराचं दुःख मला सांगू नका, कृष्णा कोयना आमच्या दारातनंच पुढे येतात. कराडवाले असं सरसकट म्हणायचं काम नाही. शब्द मागे घ्या.

कुपवाडकर:
अरे विषय काय होता आणि तुम्ही चाललाय कुठं. विमानतळासाठी वेगळा धागा काढा ना राव.

वाईचा_स्टुटगार्टकर:
इकडे जर्मनीत २०११ पासून प्रत्येक विमान तिकिटावर अंतराप्रमाणे कर आहे, मे २०२४ मध्ये तो वाढवला. इंग्लंडात १९९४ पासून आहे. विमानाचा धूर सगळ्यांच्याच डोक्यावर, मग उडणाऱ्याने जास्त द्यावं हे मला पटतं. १९४४ च्या शिकागो करारामुळे परदेशातून टाकीत भरून आलेल्या इंधनावर दुसरा देश कर लावत नाही, म्हणजे विमानांना सवलत आधीच आहे.

विटेकर_कोइमतूर:
स्वीडनने २०१८ ला लावला आणि जुलै २०२५ ला काढून टाकला, तेही लिहा. आणि तिकडे विमान सोडलं तर वेळेवर रेल्वे आहे. मला कोइमतूरवरनं मिरजेला त्या रात्री कुठली गाडी होती सांगा. पर्याय असलेल्या माणसावरचा कर आणि पर्याय नसलेल्या माणसावरचा कर एकाच तराजूत तोलू नका.

वाईचा_स्टुटगार्टकर:
स्वीडनचं बरोबर आहे. पर्यायाचंही बरोबर आहे. पण नियमित कामासाठी महिन्याला चारदा उडणारे तुमच्या दुःखाआड लपतात, ते मला खुपतं.

कुपवाडकर:
हेच मला म्हणायचं होतं, जमलं नाही. बिझनेस क्लासचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ केलाय, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. विटेकर, सिक्युरिटी फीवरचा जीएसटी मलाही पटत नाही, तो काढा. विमानाचं इंधन जीएसटीत आणायलाही माझी ना नाही, पण मग डिझेलसकट आणा. आणि सगळ्यात आधी एसटीचे साडेसतरा खाली आणा. कोरेगावच्या ताईंचं बरोबर आहे, सवलती आहेत. पण माझा भाऊ बाई नाही आणि पंचाहत्तरीचा पण नाही, त्याच्या वाट्याला पूर्ण भाडं येतं.

विटेकर_कोइमतूर:
डिझेलसकट चालेल. साडेसतराचं निवेदन तू लिही, मी सही करतो. ५ टक्के राहू देत एक वेळ, पण भाडं किती चढवायचं याला कायमची हद्द पाहिजे, म्हणजे करही आपोआप हद्दीत राहील. डिसेंबर २०२५ मध्ये विमानं रद्द झाली तेव्हा सरकारने घातलीच होती की मर्यादा, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार. तेव्हा जमलं तर एरवी का नाही? लूट शब्द मात्र मी मागे घेणार नाही.

कवलापूर_झालंच_पाहिजे:
कराडवाले म्हटलं ते रागात म्हटलं, माफी. कवलापूरची मागणी कायम आहे. विटेकर, परत कधी येताय?

विटेकर_कोइमतूर:
वडिलांच्या वर्षश्राद्धाला. यावेळी तिकीट तीन महिने आधीच काढलंय. पुण्याला उतरणार आणि स्वारगेटवरनं विट्याची एसटी, म्हणजे साडेसतरा मी पण भरणारच आहे.

कुपवाडकर:
रात्रीची गाडी घे. दिवसा खंबाटकीत अडकशील.