बँक गॅरंटीऐवजी शुअरिटी बाँड: प्रीमियम भरला की सुटलो का?

सातारी_ठेकेदार:
रस्त्याचं काम लागलंय, परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम नीट पुरं करण्याची हमी) भरायचीय. बँक गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून एफडी अडकतेय, मग खडी-डांबराला पैसा आणू कुठून? एजंट म्हणतो, विमा कंपनीचा शुअरिटी बाँड (तुमच्या वतीने कंपनीचं हमीपत्र) घ्या, प्रीमियम भरला की सुटलात.

जुना_बिलिंगवाला:
त्याला 'सुटलात' हे लेखी द्यायला सांगा, मग गंमत बघा! अहो, प्रीमियम तुम्ही भरता, पण संरक्षण मिळतं ते काम देणाऱ्या खात्याला. काम अर्धवट टाकलंत तर कंपनी खात्याला पैसे देणार आणि तुमच्याकडून वसूल करणार. १८७२च्या करार कायद्याचं कलम १४५ वाचा. वर इंडेम्निटीच्या (कंपनीचं नुकसान भरून देण्याच्या) करारावर सह्या घेतात, कधी भागीदारांच्या वैयक्तिकही. घरच्यांची सही मागितली तर आधी वकील गाठा.
फायदा खोटा नाही, बँकेची लिमिट मोकळी राहते. केंद्राच्या खरेदी नियमांत २०२२ पासून हा बाँड चालतो. तुमचं काम कोणाचं?

सातारी_ठेकेदार:
जिल्हा परिषदेचं. टेंडरात फक्त बँक गॅरंटी आणि एफडीआर (एफडीची पावती) लिहिलंय.

जुना_बिलिंगवाला:
मग प्रीमियम आत्ताच भरू नका. कार्यकारी अभियंत्यांकडून आधी लेखी होकार घ्या. टेबलावरचं 'चालेल हो' बिलाच्या वेळी कोणाला आठवत नाही.

सीए_कराड:
एक भर. कंपनी ताळेबंद आणि हातातली अपुरी कामं तपासते. बाँडची मुदत दोष दायित्व कालावधीपर्यंत (काम झाल्यावर निघालेले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत) हवी का, तेही टेंडरात पाहा. नाहीतर मध्येच नूतनीकरणाचा प्रीमियम बसतो.