मदत हवी आहे: कडब्यासाठी २० बाय ३० चं पत्र्याचं शेड, खर्चाचा मेळ लागत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही औसा तालुक्यातले. साडेसात एकर रान, दोन देवणी बैल, एक म्हैस आणि तिची वगार. आमचे हे लातूरला नोकरीला असतात, शेताचं मी आणि सासरे (अण्णा) बघतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते सगळ्यांना माहीत आहे. आमची जमीन वाहून गेली नाही, पण कडब्याची बनीम (रचलेली गंजी) भिजली. वरून प्लास्टिकचा कागद होता, तो वाऱ्यानं एका कोपऱ्यात फाटला आणि पाणी आत उतरत गेलं. दिवाळीनंतर बनीम उकलली तर वरचे दोन थर सोडले की खाली पेंढ्या काळ्या. मधे हात घातला तर आत गरम लागत होतं, वासही आंबूस. बैलांपुढं टाकलं, त्यांनी हुंगून मान वळवली. आठ-नऊशे पेंढ्या उकिरड्यावर गेल्या आणि तेवढा कडबा आम्ही विकत घेतला. यंदा मृग निघायच्या आत छप्पर उभं करायचंच असं ठरवलंय.

हवंय ते साधंच: चारी बाजू मोकळ्या, जमिनीत रोवलेले खांब, वर दोन पाखी पत्रा. जोतं नाही, भिंत नाही, फरशी नाही. ३० फूट लांब, २० फूट रुंद. अण्णा म्हणतात बांधावरच्या बाभळी तोडून मेढी (लाकडी खांब) करू, खर्च कशाला. पण जुन्या गोठ्याच्या मेढी बुडाला वाळवीनं पोखरलेल्या मी स्वतः बघितल्यात, पहार टोचली की आत जाते. दगडमातीचं तर नावच नको. १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडं काय झालं ते अण्णांनी डोळ्यांनी बघितलंय, जड छताखाली जनावर बांधायला ते आजही तयार नसतात.

आता भाव. गावातला एक वेल्डिंगवाला मालासकट चौरस फुटाला २७० रुपये म्हणतो, म्हणजे १ लाख ६२ हजार. तालुक्याच्या गावातला दुसरा २१० म्हणतो, म्हणजे १ लाख २६ हजार. मग मी स्वतः वहीवर हिशोब मांडला.

खांब आठ, तीन इंची गोल पाईप, अडीच एमएम जाडीचा. २० फुटांचा एक नग साधारण २८ किलो भरतो, म्हणजे २२४ किलो. कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) चार, त्यांना दोन बाय दोनचा चौकोनी पाईप १२ नग. पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना त्याच पाईपचे १३ नग. हा नग १८ किलोचा, म्हणजे ४५० किलो. सगळं लोखंड ६७४ किलो, मला सांगितलेला भाव किलोला ७२, झाले ४८,५००. पत्रा रंगीत, ०.४५ एमएम, १२ फुटी २० नग, फुटाला ११५ प्रमाणे २७,६००. वरचे कोने (दोन पाखी जुळतात तिथं बसवायचा पत्रा) आणि स्क्रू ४,०००. सिमेंट १२ पोती ४,६००, वाळू-खडी ६,५००. वेल्डिंगची मजुरी किलोला १८ प्रमाणे १२,०००. खड्डे खणायला २,४००, गाडीभाडं ३,०००, रेड ऑक्साईड आणि रंग ३,०००. एकूण १ लाख ११ हजार ६००.

माझं विचारणं असं:

माझ्या हिशोबात काही राहून गेलंय का? एकाच शेडचे दोन भाव इतके लांब का? कुठं हात आखडला तर चालेल आणि कुठं आखडायचा नाही? आणि गोठ्याच्या सरकारी अनुदानात हे बसतं का?

जागा दोन आहेत. एक विहिरीजवळ, बैलांच्या दावणीला लागून. अण्णांना तीच हवी. पण तिथं काळी माती आहे, चार फूट खणलं तरी मुरूम लागला नाही. दुसरी गाडीवाटेच्या कडेला, माळाची. तिथून दावणीपर्यंत कडबा रोज डोक्यावर आणावा लागेल. कोणत्या जागेवर करू?

— औशाची लेक-सून

काळी माती, परभणी:

ताई, हिशोब चांगला मांडलाय. फक्त दुसऱ्याला एक विचारा, २१० रुपये कशाच्या मापाला? जागेच्या की पत्र्याच्या? तुमची जागा ६०० चौरस फूट, पण पत्रा १२ अधिक १२ म्हणजे २४ फूट रुंद आणि दोन्ही टोकांना एकेक फूट पुढं धरून ३२ फूट लांब. हे ७६८ चौरस फूट झालं. माझ्या शेडच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं, काम झाल्यावर टेप लावला तेव्हा कळलं. तोवर पत्रे वर चढलेले होते, भांडून काय उपयोग.

जागेबद्दल: काळ्या मातीत खांब रोवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आठही खांब सारखे हलत नाहीत. एक वर आला, एक खाली गेला की कैची पिळते आणि स्क्रूची भोकं मोठी होऊन गळायला लागतं. तिथंच करायचं तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागेल, मग पाईपही वाढला आणि काँक्रीटही. कडबा डोक्यावर आणणं परवडलं.

औशाची लेक-सून:

दादा, आत्ताच फोन केला. तुम्ही म्हणता तसंच निघालं, २१० पत्र्याच्या मापाला आहे. ७६८ ला २१० नं गुणलं तर १ लाख ६१ हजार २८०. म्हणजे दोघांचा भाव एकच, सातशे-आठशेचा फरक! स्वस्त समजून मी त्याला विसार द्यायला निघाले होते. फार उपकार झाले.

वेल्डिंगचा धंदा, धाराशिव:

मी हीच कामं करतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. तुमच्या हिशोबात आणि आमच्या भावात ५० हजारांचा फरक आहे, तो सगळा नफा नाही. शेतात लाईट नसली की जनरेटरचं डिझेल, कटिंगमधला तुकडा, माणसांचं जाणंयेणं, वर चढवायला चार गडी जादा. पक्कं बिल घेतलं तर पाईप आणि पत्र्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तुम्हाला ७२ चा भाव त्यासकट सांगितला की त्याशिवाय, हे दुकानदाराला विचारा. सिमेंटवर पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथंही १८ झालाय. तरीसुद्धा माल तुम्ही आणून मजुरीवर काम दिलंत तर १ लाख २० ते २५ हजारांत होईल असं मला वाटतं.

माल स्वतः घेणार असाल तर प्रत्येक प्रकारचा एक नग काट्यावर ठेवा. दोन बाय दोनचा २० फुटी पाईप दोन एमएम म्हणून विकतात आणि भरतो १५ किलो. तो १.६ एमएमचा असतो. डोळ्याला फरक दिसत नाही, काटा सांगतो.

खांबाला १४-१५ फूट पाईप लागेल, उरलेले पाच-साडेपाच फुटांचे तुकडे भंगारात देऊ नका. खांब आणि कैचीच्या कोनात तिरपे टेकू म्हणून ते जोडून घ्या. मोकळ्या शेडला भिंत नसते, हे टेकूच त्याला उभं धरतात.

आता हात कुठं आखडायचा नाही ते. खड्डा. लोकांना वाटतं छप्पर खाली बसेल म्हणून पाया लागतो. शेडचं उलटं असतं, ते वर उचललं जाऊ नये म्हणून पाया लागतो. तुमच्या पत्र्याचं आणि कैच्यांचं वजन मिळून साडेसात क्विंटलच्या आसपास, म्हणजे तुमच्या दोन बैलांपेक्षाही कमी. चारी बाजू उघड्या असल्या की वळवाचा वारा खालून घुसतो. एक बाय एक फुटाचा दोन फूट खोल खड्डा केला तर त्यातलं काँक्रीट सव्वाशे-दीडशे किलो भरतं. तेच दीड बाय दीड, साडेतीन फूट खोल केलं तर ५ क्विंटलच्या वर जातं. जादा खर्च किती, तर चार-पाच हजार. आमच्या भागात एकाचं शेड दोन फुटी खड्ड्यांवर उभं केलेलं मे महिन्यात काँक्रीटच्या गोळ्यांसकट उपटून शेजारच्या उसात जाऊन पडलं. मी बघायला गेलो होतो, गोळे नारळाच्या घडाएवढे लोंबत होते.

खांबाच्या बुडाला फूटभराचा आडवा रॉड वेल्ड करा, म्हणजे पाईप काँक्रीटमधून सुटत नाही. काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं काढा आणि चारी बाजूंनी उतार द्या. पाईप सडतो तो नेमका मातीच्या कडेला, म्हणून तिथं फूटभर डांबर फासा.

गावाकडचा, जालना:

अनुदानाचं सांगतो. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाची शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आहे, रोजगार हमीतली. तिच्यात २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरलेत. पण माप ठरलेलं आहे: ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, आत गव्हाण, गोमूत्राचं २५० लिटरचं टाकं, पाण्याचं २०० लिटरचं टाकं. जनावरांना टॅगिंग हवं. कडब्याचं मोकळं शेड यात बसत नाही. तुमची चार जनावरं आहेत, पुढं गोठा करायचा तेव्हा ग्रामपंचायतीकडं अर्ज करा, पण मंजुरी हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. दोन्ही एकत्र करायला गेलात तर यंदाचा पावसाळाही कागदाखालीच जाईल.

आणि पैसे वाचवायला सिमेंटचा पत्रा घेऊ नका. २०१४ च्या गारपिटीत आमचे फुटून खाली पडले होते. लोखंडी पत्र्याला खळगे पडले, पण डोक्यावर छप्पर राहिलं.

औशाची लेक-सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते लिहिते.

काल माळाच्या जागेवर गड्याकडून एक खड्डा खणून घेतला. दीड फुटावर मुरूम लागला, तीन फुटांनंतर टिकावाचा खणखण आवाज यायला लागला. अण्णा काठी टेकून शेजारी उभे होते. त्यांनी मुरमाचा खडा उचलून हातात चुरून बघितला, तो चुरला नाही. मग म्हणाले, "हितंच घ्या." विहिरीजवळच्या जागेचा विषय तिथंच मिटला.

माल मी घेणार, काटा करून. काम मजुरीवर गावातल्यालाच देते, तो निदान जागेचं माप धरून बोलला होता. खड्डे साडेतीन फूट, दीड बाय दीड. गोठ्याचा अर्ज वेगळा करणार.

अण्णांच्या बाभळीही वाया जाणार नाहीत. कडब्याखाली जमिनीची ओल लागू नये म्हणून दगड मांडून त्यावर त्यांचे ओंडके आडवे टाकायचे आणि वर बनीम रचायची. दगडामुळं वाळवी लगेच चढणार नाही, आणि एखादा ओंडका पोखरला तरी बदलता येतो. हे त्यांनीच सुचवलं.

एकच अडलंय. पावसाची झड आमच्याकडं पश्चिमेकडून येते. ती बाजू खालपर्यंत पत्र्यानं बंद केली तर वारा अडून खांबांवर जोर येईल, आणि उघडी ठेवली तर कडेच्या पेंढ्या भिजतील. वरून पाच फूट पत्रा आणि खाली मोकळं, असं कुणी केलंय का? कडबा कितपत कोरडा राहिला? रविवारी पत्र्याचं माप द्यायचंय, तोवर सांगितलं तर बरं होईल.