तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही

धंतोलीकर : काल इथे कुणीतरी लिहिलं, "साठ वर्षं झाली की जुनी गाणी कुणाच्या मालकीची नसतात, व्हिडिओला बिनधास्त लावा." वाचून राहवलं नाही. मुद्रण निघाल्यापासूनची ही साठ वर्षं फक्त ध्वनिमुद्रणाची. १९६०ची तबकडी २०२१च्या जानेवारीत हक्कांतून मोकळी झाली, खरं आहे. पण शब्द आणि चाल यांची साठ वर्षं कवी-संगीतकार गेल्यावर सुरू होतात. गदिमा १९७७ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत बंद. बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ला गेले, त्यांच्या चाली २०६२ संपेपर्यंत.

इतवारीकर : भाऊ, तुम्ही तर लोकांना घाबरवूनच राहिले! 'स्वयंवर' या संगीत नाटकाचं काय? शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ला गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२लाच. आजोबांच्या पेटीतली तबकडी वाजवून मी त्यातलं पद टाकलं, तर दोन दिवसांत एका कंपनीचा दावा आला आन् व्हिडिओ मुका. चोर कोण मग?

धंतोलीकर : 'स्वयंवर' आपल्याकडे मोकळं, मानलं. पण व्हिडिओ अमेरिकेतही दिसतो, आणि तिथे १९२३ ते १९४६च्या मुद्रणांना शंभर वर्षं आहेत. १९३०ची तबकडी तिकडे २०३० संपेपर्यंत बंद.

धरमपेठची ताई : हक्काचं राहू द्या. तुम्ही मंडळी जुन्या तबकड्यांची खरखर काढता ना, त्याचं आधी बोला! बालगंधर्वांच्या मागची सारंगी पार पुसून टाकता. आणि जुनी प्रत्येक तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच फिरवायची नसते. वेग पाच-सहा टक्के चुकला की सूरच सरकतो, काळी एकची पांढरी दोन होते. माझे गुरुजी असलं काही लागलं की उठून जायचे.

इतवारीकर : ताई, माझ्या आईला ऐंशीव्या वर्षी त्या खरखरीत शब्दच समजत नाहीत. तिच्यासाठी मी रात्र-रात्र बसतो. तुमच्या गुरुजींचे कान सगळ्यांना नसतात.

धरमपेठची ताई : आईसाठी करा की, कोण नाही म्हणतं? जगापुढे ठेवता तेव्हा मूळ आवाजही सोबत ठेवा. पुढच्या पोरांना तेच खरं वाटतं.

इतवारीकर : दोन-दोन फायली टाकायच्या? वेळ कोण देईल, तुम्ही?

धरमपेठची ताई : देईन. वेग मी लावून देते, सूर जुळवायला हार्मोनियम घेऊन बसते. आणा तबकड्या.

धंतोलीकर : मूळ मुद्दा राहिला. मला एक भावगीत हवं होतं, तर कवीच्या मुलीला साधं पत्र लिहिलं. आठ दिवसांत होकार आला, वर लिहिलं, "बाबांचं नाव तेवढं नीट द्या." विचारायला काय जातं?

इतवारीकर : बरं बाप्पा. मीही एक भावगीत न विचारता टाकलंय, तो व्हिडिओ आजच हटवतो, पत्राचा मजकूर मला पाठवा. 'स्वयंवर'चा दावा मात्र मी सोडणार नाही. ताई, रविवारी तबकड्यांची पेटी घेऊन येतो. खरखर काढणारच, पण तुमच्यासमोर.